कारण सापडायची वाट बघत बसू नका

मुलुंड स्टेशनवरच्या एका बाकड्यावर बसून मी काही वर्षांपूर्वी रोज सकाळी तीन-चार गाड्या सोडायचो. गर्दी म्हणून नव्हे. ठाण्याहून सुटणारी स्लो आली की कधीकधी बसायलाही जागा असायची. मरावंसं वगैरे वाटत नव्हतं, नुसतं उठवत नव्हतं. मग कधीतरी उठायचो, फोर्टातल्या ऑफिसात पोचायचो, सह्या करायचो, डबा खायचो, परत यायचो. कुणालाही काही कळलं नाही. माणूस वेळेवर कामावर पोचतोय म्हणजे तो ठीक आहे, असंच या शहरात धरलं जातं.

घरी कळलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "पण कारण काय?" घर स्वतःचं, हप्ते संपत आलेले, मुलीची बारावी चांगली गेलेली. सासूबाई म्हणाल्या, "सगळं व्यवस्थित असताना यांना काय धाड भरलीय?" त्या वाईट मनाने बोलल्या नव्हत्या. मीही स्वतःला तेच विचारत होतो. ते नैराश्य होतं, पण चारचौघांत सांगता येईल असं कारण सापडेना, म्हणून सात महिने मी मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो नाही. ते सात महिने तुमचे किंवा तुमच्या घरातल्या कुणाचे वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. पेशंट होतो, नंतर धाकट्या भावाला घेऊन ओपीडीच्या रांगेत बसणारा नातेवाईक झालो, आणि दोन्ही बाजूंनी जे कळलं ते इथे आहे.

आज रात्रीचा प्रश्न असेल तर

तुमच्या किंवा समोरच्याच्या मनात जीव संपवण्याचे विचार येत असतील, तर बाकीचा लेख नंतर वाचा. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. मानसिक त्रासासाठीची केंद्र सरकारची ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. धोका अगदी जवळचा वाटत असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा, नाहीतर सरळ टॅक्सी करून जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. केईएम, सायन, नायर, कूपर, जेजे, जे जवळ असेल ते. कॅज्युअल्टी रात्रभर उघडी असते.

माणसाला एकटं सोडू नका. घरातल्या औषधांचा डबा दुसऱ्याच्या ताब्यात द्या. आणि विचारायला घाबरू नका. "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" हे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. मला माझ्या बायकोने विचारलं होतं. मी नाही म्हणालो आणि ते खरं होतं, पण कुणीतरी विचारलं म्हणून त्या रात्री पहिल्यांदा मी पाच मिनिटं सलग बोललो.

पोलिसांची भीती हा आणखी एक अडसर. प्रयत्न झालेला असेल तर रुग्णालयात पोलिसांकडे नोंद होऊ शकते, पण त्या धास्तीने उपचार लांबवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं ठरवलं आहे. तिच्यावर खटला न भरता तिला उपचार आणि आधार देणं ही सरकारची जबाबदारी धरली आहे.

हे दुःख आहे की आजार?

आपल्याकडे "मला नैराश्य आलंय" असं म्हणत माणूस डॉक्टरकडे जात नाही. तो म्हणतो, डोकं जड आहे, अंगात त्राण नाही, छातीत धडधडतं, पित्त झालंय, जेवण जात नाही. बायका म्हणतात, कशात जीव रमत नाही. आमच्या आजीच्या भाषेत, कशात काही राम उरला नाही. मीही पित्ताच्या गोळ्या खात होतो. नेहमीच्या डॉक्टरांनी त्यावर झोपेची गोळी जोडून दिली, आणि तीच कितीतरी महिने चालू राहिली.

डॉक्टर साधारण नऊ गोष्टी बघतात: मन सतत उदास असणं, आवडीच्या गोष्टींतला रस जाणं, झोप कमी किंवा जास्त होणं, भूक किंवा वजन बदलणं, थकवा, हालचाल-बोलणं मंदावणं किंवा उलट अस्वस्थ फेऱ्या मारणं, आपण कुचकामी किंवा अपराधी आहोत असं वाटणं, लक्ष न लागणं आणि मरणाचे विचार. यातल्या किमान पाच, आणि त्यांत पहिल्या दोनपैकी किमान एक, सलग दोन आठवडे जवळजवळ रोज असेल आणि त्यामुळे काम-संसार अडत असेल, तर तो आजार धरतात. याच नऊ गोष्टींवर बेतलेली पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली मराठीतही आहे. शून्य ते सत्तावीस गुण. दहा किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टरला दाखवा. पण ती चाळणी आहे, निदान नव्हे. आणि नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं, तर बेरीज करत बसू नका.

दुःखाला लाटा असतात. माणूस गेल्यावर आपण रडतो, पण तेराव्याला त्याचा एखादा किस्सा निघाला की हसतोही. मला त्या काळात रडूही येत नव्हतं. मुलीचा निकाल लागला तेव्हा पेढे वाटले आणि आत काहीच हललं नाही. माझ्यासाठी खरी खूण ती होती.

पुरुषांमध्ये हा आजार बऱ्याचदा चिडचिड आणि दारूच्या रूपात येतो, म्हाताऱ्यांमध्ये विसरभोळेपणाच्या आणि मुलांमध्ये अभ्यास घसरण्याच्या. त्यामुळे "तो उदास कुठे दिसतो? नुसता खेकसत असतो" यावर फार भरवसा ठेवू नका.

कारणं: हिंदमाताचं पाणी

आता तो लाडका प्रश्न, कारण काय? मला डॉक्टरांनी उलट, दर पावसाळ्यात पाणी भरणाऱ्या दादरच्या हिंदमाता चौकाबद्दल विचारलं होतं, "हिंदमाताला पाणी का तुंबतं?" पाऊस पडतो म्हणून, मी म्हणालो. पाऊस तर मलबार हिललाही पडतो, ते म्हणाले. हिंदमाता बशीसारखं सखल आहे. त्यात मुसळधार पाऊस, त्याच वेळी समुद्राला भरती, म्हणून पाणी बाहेर जायला वाव नाही, आणि गटारात साठलेला गाळ. यातलं नेमकं एक कारण कुठलं, सांगा. नैराश्याचं असंच आहे. चार गोष्टी एका वेळी जमतात आणि पाणी चढतं.

सखलपणा म्हणजे अनुवंश आणि लहानपण. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला नैराश्य असेल तर आपल्याला ते होण्याचा धोका इतरांच्या दोन-तीनपट असतो. होईलच असं नाही. पण आमच्या घरात "काका जरा विक्षिप्त होते" या एका वाक्याखाली काय काय झाकलं होतं, ते मला भावाची वेळ आली तेव्हा कळलं. लहानपणी मार, उपेक्षा किंवा लैंगिक छळ सोसलेल्यांची जमीनही अशीच खचलेली असते.

पाऊस म्हणजे घटना. नोकरी जाणं, लग्न मोडणं, मूल गमावणं, आजारपण, कर्ज. इथल्या माणसांना हा पाऊस ओळखीचा आहे. चाळ पाडली, संक्रमण शिबिरात गेलो, इमारत उभीच राहिली नाही, आणि म्हातारे आई-वडील तिथेच गेले, अशी घरं तुमच्याही ओळखीत असतील. बाळंतपणानंतरचं नैराश्य याच खात्यातलं, आणि ते सर्वांत जास्त झाकलं जातं. घरात पेढे वाटले जात असताना आईला बाळाकडे बघवत नाही, हे ती कुणाला सांगणार? अशा वेळी "सगळ्यांनाच होतं" म्हणून सोडू नका. दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर डॉक्टर गाठा. बाळाला इजा करण्याचे विचार, भास किंवा भलतंच बोलणं सुरू झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

भरती म्हणजे पाणी ओसरू न देणारी परिस्थिती. हिच्याबद्दल आपण कमी बोलतो, कारण ती रोजचीच असते. विरार किंवा बदलापूरहून रोजचे चार तास प्रवासात. पहाटे पाणी येतं म्हणून उठायचं, रात्री शेवटचं भांडं घासून झोपायचं. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं, म्हणजे रडायलाही कोपरा नाही. घरात मारणारा नवरा. जातीवरून, धर्मावरून, किंवा आपण कुणावर प्रेम करतो त्यावरून रोज ऐकावे लागणारे टोमणे. जगभर पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार जास्त आढळतो. त्यात संप्रेरकांचा वाटा आहे, आणि या भरतीचाही आहे. अशा माणसाला "पॉझिटिव्ह विचार कर" सांगणं मला तरी निर्लज्जपणाचं वाटतं.

गाळ म्हणजे शरीर आणि सवयी. थायरॉइड मंदावलं की हुबेहूब नैराश्यासारखं दिसतं. बी-१२ ची कमतरता, रक्ताची कमतरता, मधुमेह, घोरण्यासोबत झोपेत श्वास अडखळणं, जुनं दुखणं, काही औषधं, विशेषतः स्टेरॉइड्स, हे सगळं यात भर घालतं. दारू तर पक्की. पहिल्या पेगला मन हलकं होतं, पण दारू हे मेंदूला मंदावणारं रसायन आहे. ती झोप तोडते आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ आणखी काळी करते. स्वतःला सतत कोसणारी विचारांची सवय हाही गाळच.

"मेंदूत सेरोटोनिन कमी झालं की नैराश्य येतं" हे तुम्ही ऐकलं असेल. ते फार सोपं करून सांगितलेलं चित्र आहे, आणि आज तज्ज्ञही ते तसंच्या तसं मानत नाहीत. गोळ्यांचा उपयोग होतो. पण ताप पॅरासिटामॉलने उतरला म्हणून तो पॅरासिटामॉलच्या कमतरतेने आला होता असं होत नाही.

महापालिकेने हिंदमाताची सगळी जमीन उचलून वर केली नाही. पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या, पंप लावले. पुढचं सगळं या टाक्या-पंपांबद्दल आहे.

पहिली पायरी: रक्त

हे लवकर उरकण्याचं काम आहे. ओळखीच्या फिजिशियनकडे किंवा महापालिकेच्या 'आपला दवाखान्या'त जाऊन सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर, बी-१२ आणि जमल्यास ड जीवनसत्त्व तपासून घ्या. नैराश्याची स्वतःची अशी कुठलीही रक्तचाचणी नाही. तशी चाचणी किंवा मेंदूचा खास फोटो काढून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. रिपोर्ट चांगले आले तर "बघ, तुला काहीच नाही" असं घरचे म्हणतील. त्याचा अर्थ एवढाच की गाळ या नळीत नाही.

दुसरी पायरी: कुणाकडे जायचं?

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हा एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. तो निदान करतो, औषध देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि बोलून उपचार करतो, औषध देत नाही, आणि त्याची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. समुपदेशक या शब्दाला मात्र आपल्याकडे फारसं कुंपण नाही. एमए करून नीट प्रशिक्षण घेतलेलेही समुपदेशक, आणि दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर लावणारेही समुपदेशकच. मी ज्या पहिल्या बाईंकडे गेलो, त्यांनी पंधराव्या मिनिटाला माझी जन्मवेळ विचारली. तेव्हा शिक्षण काय, नोंदणी कुठली, नैराश्याच्या किती लोकांसोबत काम केलंय, हे फोनवरच विचारा. चांगला माणूस रागावत नाही.

लक्षणं मध्यम ते तीव्र असतील, झोप-भूक गेली असेल, मरणाचे विचार असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. सौम्य असेल तर समुपदेशनाने सुरुवात करायला हरकत नाही.

देवाधर्माबद्दल एक वाक्य. नवस, पारायण, मठ यांनी मनाला बरं वाटत असेल तर ते चालू ठेवा आणि गोळीही चालू ठेवा. "गोळ्या बंद करा" म्हणणाऱ्या बाबाच्या दारातून मात्र चप्पल घालून निघा.

तिसरी पायरी: मुंबईतले पत्ते

पैशाची अडचण असो वा नसो, माझा कौल मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांना आहे. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायनचं लोकमान्य टिळक, जुहूचं कूपर ही महापालिकेची, आणि भायखळ्याचं जेजे सरकारचं. सगळीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे आणि केसपेपर नाममात्र पैशांत निघतो. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालापासूनचं. "ठाण्याला पाठवू का?" हा आपला जुना विनोद त्याच्यावरूनच. तिथेही साधी ओपीडी चालते. लोक लोकलने येतात, औषध घेतात आणि पुढची लोकल पकडून घरी जातात.

ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था आहे. मराठीतून समुपदेशन हवं असणाऱ्यांची पावलं बरीच वर्षं तिकडे वळतात. फोनवर बोलायचं असेल तर देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही सेवा २०१२ पासून आहे, नंबर ९१५२९८७८२१. तिथे प्रशिक्षित समुपदेशक असतात. लहान घरात फोनवर बोलायची पंचाईत असते. माझ्या ओळखीची एक मुलगी इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे उभी राहून बोलायची. मेसेजवर बोलता येतं का, तेही विचारून घ्या.

चौथी पायरी: ओपीडीचा दिवस

इथे जरा थांबून सांगतो, कारण बहुतेक लोक याच दिवसाला घाबरतात.

अर्ध्या दिवसाची नव्हे, पूर्ण दिवसाची रजा टाका. सकाळी आठ-साडेआठला पोचा. केसपेपरच्या खिडकीवर "मानसोपचार" किंवा "सायकियाट्री" म्हणा. मी पहिल्यांदा हा शब्द इतक्या हळू उच्चारला की खिडकीतल्या बाईंनी "काय? मोठ्यानं बोला!" असं तीनदा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा मी ओरडलो. मागे वळून पाहिलं तर कुणाचंही लक्ष नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या दुखण्यात होता.

रांगेत आमच्याच सोसायटीतला एक गृहस्थ भेटला. दोघांनीही मोबाइलमध्ये डोकं घातलं. अर्ध्या तासाने त्याने विचारलं, "कितवा नंबर चालूय?" पुढे आम्ही दोन वर्षं सकाळी बरोबर फिरायला जात होतो.

जाताना एक कागद लिहून न्या, कारण आत गेल्यावर काही आठवत नाही. त्यावर हे हवं: त्रास कधीपासून, झोप किती, भूक कशी, वजनात फरक, कामावर काय अडतं, घराण्यात कुणाला मानसिक आजार, आत्महत्या किंवा दारूचं व्यसन, तुम्ही घेत असलेली सगळी औषधं (आयुर्वेदिक चूर्णसुद्धा), दारू-तंबाखूचं खरं प्रमाण. आणखी एक गोष्ट ठळक लिहा. आयुष्यात कधी याच्या उलट काळ येऊन गेला होता का? आठवडाभर झोप न घेताही भरपूर उत्साह, बेसुमार खर्च, धडाधड बेत, तोंड बंद नाही, असा? तसं असेल तर आजार द्विध्रुवीय (बायपोलर) असू शकतो, त्याचं औषध वेगळं असतं, आणि नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. माझ्या भावाच्या बाबतीत ही गोष्ट घरच्यांना "तेव्हा त्याचा धंदा जोरात होता" म्हणून आठवत होती. विचारलं नसतं तर सांगितलीच नसती.

आधी निवासी डॉक्टर सविस्तर विचारतील, तो किंवा ती तुमच्या मुलाच्या वयाची असेल. मग सिनियर डॉक्टर बघतील. खोलीत विद्यार्थी असतील आणि संकोच वाटत असेल तर "मला एकट्याशी बोलायचंय" म्हणा. तो तुमचा हक्क आहे. बरोबर आलेल्या नातेवाइकाला थोडा वेळ बाहेर बसवायलाही सांगा. कायद्याने तुमची माहिती गुप्त राहते, ऑफिसला कळवली जात नाही.

निघताना कागदावर कुठला वार लिहिलाय ते बघा. पालिकेच्या रुग्णालयांत युनिटचे, म्हणजे डॉक्टरांच्या एकेका गटाचे, वार ठरलेले असतात. तुमच्या वारी गेलात तर तेच डॉक्टर भेटण्याची शक्यता जास्त. नाहीतर दर वेळी रामायण पहिल्यापासून सांगावं लागतं.

पाचवी पायरी: गोळीचे पहिले सहा आठवडे

सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम, फ्लुओक्सेटिन ही नावं तुम्हाला चिठ्ठीवर दिसतील. या गोळ्यांची गंमत अशी, की त्रास आधी येतो आणि गुण नंतर. पहिले आठ-दहा दिवस मळमळ, डोकेदुखी, तोंड कोरडं, झोपेची उलटापालट, कधी बेचैनी. गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे. बरेच लोक नेमकं या मधल्या दिवसांत "मला मानवत नाही" म्हणून गोळी सोडतात. मीही सहाव्या दिवशी सोडली होती. बायकोने फोन लावला. डॉक्टर म्हणाले, जेवणानंतर घ्या आणि अर्धी करा. चौथ्या आठवड्यात एकदा मुलुंड स्टेशनबाहेर मला तळणाऱ्या वड्यांचा वास आला. वास रोजच येत असणार. मला तो त्या दिवशी आला.

पंचविशीच्या आतल्या मुलांवर पहिल्या काही आठवड्यांत जास्त लक्ष ठेवा. काहींच्या बाबतीत या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. बेचैनी वाढलेली दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना सांगा. लैंगिक इच्छा कमी होणं हाही दुष्परिणाम आहे. आपल्याकडे तो कुणी बोलत नाही आणि गुपचूप गोळी बंद करतात. सांगा, औषध बदलता येतं.

सवय लागते का? या गोळ्यांची दारूसारखी ओढ लागत नाही. पण एकदम तोडल्या तर चक्कर, चिडचिड, अंगात झिणझिण्या येतात, म्हणून डॉक्टर हळूहळू उतरवतात. पहिल्याच वेळचं नैराश्य असेल तर बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायला सांगतात. सवय लागते ती अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम या गटाच्या गोळ्यांची. त्या थोड्या दिवसांसाठी असतात, आणि मी महिनोन्महिने खात होतो त्या याच. तुमच्याही डब्यात त्या असतील तर स्वतःहून बंद करू नका, चिठ्ठी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा.

सहावी पायरी: बोलून होणारे उपचार

सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) म्हणजे विचारांची उलटतपासणी घेण्याची पद्धत. "मी बिनकामाचा आहे" या वाक्याला पुरावा मागायचा. मराठी माणसाला ती परकी वाटायचं कारण नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची याच कुळातली विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीतून घरोघरी पोचवली.

मला जास्त उपयोग झाला तो त्याहून साध्या गोष्टीचा. मन लागायची वाट न बघता आधी हातपाय हलवायचे, मन मागून येतं. गोव्यात 'संगथ' संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने याच तत्त्वावर सहा ते आठ भेटींचा एक कार्यक्रम तयार केला. तो डॉक्टरांनी नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत राबवला, आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला. माझ्या समुपदेशकांनी पहिल्या आठवड्याला दिलेलं काम एवढंच होतं: सकाळी खाली उतरून दूध आणायचं. पिशवी घरपोच येत होती, ती मुद्दाम बंद केली.

दोन-तीन भेटींत समोरच्याशी जमत नाही असं वाटलं तर माणूस बदला. उपचार बदलू नका.

पैसे, पॉलिसी, रजा

रुग्णालयाच्या औषधखिडकीवर जे मिळत नाही ते जनऔषधी केंद्रात विचारा. विम्याचं म्हणाल तर २०१७ च्याच कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यायला सांगितलं आहे. बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरचा खर्च देतात, ओपीडीचा देतातच असं नाही. पॉलिसीचा कागद काढून बघा. ऑफिसात सांगावं का? मी सांगितलं नाही, "थायरॉइड" म्हटलं. खोटं बोलल्याचा पश्चात्ताप नाही, पण तसं बोलावं लागलं याचा राग अजून आहे.

घरच्यांसाठी

"मन गुंतव कशात तरी", "आमच्या वेळी नव्हती असली थेरं", "बघ, लोक फूटपाथवर राहतात". ही वाक्यं बोलू नका. यातलं शेवटचं सगळ्यांत घातक, कारण माणूस आधीच अपराधी असतो आणि आता त्याला फूटपाथवाल्यांचाही हिशोब द्यावा लागतो. 'मुंबई स्पिरिट' नावाची जी काही चीज आहे, तीही काही दिवस बाजूला ठेवा.

माझ्या बायकोने एक गोष्ट केली. दिवसातून एकच काम सांगायची. "आज अंघोळ. बाकी काही नाही." झाली की कौतुक नाही, नाही झाली की टोमणा नाही. गोळी ती हातात द्यायची आणि पाणी पिऊन होईपर्यंत तिथेच उभी राहायची. तिनेही त्या वर्षात दोनदा समुपदेशकांची भेट घेतली, हे मला बऱ्याच नंतर कळलं. सांभाळणारा माणूसही दमतो. आठवड्यातून एक संध्याकाळ त्याला बाहेर सोडा, कुणीतरी पाहुणा घरी येऊन बसेल अशी व्यवस्था करून.

पुन्हा पाणी चढायला लागलं तर

हा आजार पुन्हा येऊ शकतो. दुसऱ्या-तिसऱ्यांदा आला तर डॉक्टर गोळी जास्त काळ चालू ठेवतात. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या असतात, त्या बरे असतानाच लिहून ठेवाव्या लागतात, कारण पाणी चढायला लागलं की ती ओल आहे हे आपल्याला स्वतःला दिसत नाही. भावाच्या खुणा दोन: रात्री दोन वाजता नव्या धंद्याचे मेसेज, किंवा सलग तीन दिवस बंद फोन. माझा कागद फ्रिजवर, गॅसच्या नंबराशेजारी लावलेला आहे. दाढी चार दिवस नाही, शब्दकोडं कोरं, फोनवर "नंतर करतो", आणि सव्वानऊच्या आधी ऑफिसला न पोचणं. खाली ओपीडीचा वार आणि १४४१६ लिहिलाय. यातल्या दोन खुणा आठवडाभर दिसल्या तर मला न विचारता रजा टाकायची आणि केसपेपर काढायला निघायचं, असं ठरलंय. मागच्या जूनमध्ये एकदा बायको सकाळी सातला पर्स घेऊन दारात उभी राहिली. मी म्हटलं, "अगं, पण काही झालेलं नाहीये." ती म्हणाली, "ते तिथे जाऊन सांगा."